बाथरूमच्या नळाचे मासे

आमच्या घरात फिश टँक आला तो मुलाच्या हट्टाने आणि राहिला तो माझ्या गळ्यात. ओळखीतल्या बहुतेक घरांची हीच कथा. मूल पाचवीत असताना रडून-भेकून मासे आणतं, सातवीत जाईपर्यंत त्याला फुटबॉलचं वेड लागतं, आणि रविवारी सकाळी नळी तोंडात धरून टँकमधलं पाणी बादलीत ओढायला आईच उरते. त्या पाण्याचा एक तरी घोट पोटात गेल्याशिवाय ही विद्या येत नाही. मला आली.

तेव्हा आम्ही गिरगावात होतो. चाळीचा तिसरा मजला, दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी आणि पायाखाली लाकडी जमीन. टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. ऐकायला खेळण्यासारखा वाटतो, पण काठोकाठ भरला की त्यात ७० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ७० किलो. वर काच, रेती, लोखंडी स्टँड. सगळं मिळून शंभराच्या पुढे. टँक भरला त्या संध्याकाळी खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "पाहुणे आलेत का गं? आमचं छत करकरतंय." पुढची पाच-सहा वर्षं मी जे मासे निवडले ते त्या काकूंना विचारून निवडले, असं म्हणायला हरकत नाही.

पहिला मासा ऑस्कर. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला, दोन इंचांचा, काळ्या अंगावर नारिंगी नक्षी. टँक छोटा आहे, चालेल का, असं मी विचारलं होतं. दुकानदार म्हणाला, "टंकी जितनी, मछली उतनी. ज्यादा नहीं बढ़ेगी." हे वाक्य मी नंतर इतक्या दुकानांत ऐकलं, की ते लायसन्सच्या मागच्या बाजूला छापून मिळत असावं. मासा टँकचं माप घेऊन वाढत नाही. छोट्या टँकमध्ये त्याचीच घाण साचते, तिने त्याची वाढ खुंटते आणि तो वेळेआधी मरतो. लोकांना वाटतं, मापात राहिला. आमचा खुंटला नाही. मी पाणी इमानेइतबारे बदलत होते ना! दहा महिन्यांत नऊ इंच झाला. पूर्ण वाढलेला ऑस्कर फूटभराचा असतो हे मला तेव्हा कळलं.

एक फूट रुंदीच्या टँकमध्ये नऊ इंचांचा मासा वळतो कसा, हे बघवत नाही. आधी तो कमरेतून वाकतो, मग शेपटी मागच्या काचेला घासत ओढून घेतो, मग सरळ होतो, तर समोर दुसरी काच. दिवसभर तेच. बरं, मासा असा की माणसं ओळखायचा. पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजलं की पुढच्या काचेला येऊन उभा. नवरा पेपर घेऊन बसला की मात्र पाठ फिरवायचा. पेपर वाचणारा माणूस खायला घालत नाही, एवढं त्याला उमगलं होतं.

मोठा टँक घ्यावा, तर चार फुटी टँक म्हणजे अडीचशे लिटर. लाकडी जमीन. काकू. विषय संपला.

शेजारच्यांनी सुचवलं, बाणगंगेत सोडून या, पुण्य लागेल. असल्या पुण्याचा हिशेब आपल्या तळ्यांनी आधीच भरलाय. खायला स्वस्त मासा मिळावा म्हणून १९५२ साली आफ्रिकेतला तिलापिया आपल्या देशात आणला गेला. कुठल्याही पाण्यात तगणारा, काहीही खाणारा, पिल्लं आपल्या तोंडात सांभाळणारा मासा. आज तो कुठे नाही ते विचारा. पवईच्या तलावात तर आहेच. मासळीबाजारात आपण त्याला चिलापी म्हणतो. ऑस्कर आणि चिलापी एकाच कुळातले. त्यामुळे बाणगंगेचं पुण्य मी घेतलं नाही. ओळखीच्या एका डेंटिस्टच्या दवाखान्यात सहा फुटी टँक होता, तिथे तो गेला. पहिल्या दोन महिन्यांत मी दोनदा दात दाखवून आले. दाढ दुखत नव्हती.

रिकाम्या टँकसमोर बसून मग मी वाचायला लागले. खरं तर हे आधी करायचं असतं.

या कुळाचं नाव सिक्लिड. कुर्ल्याच्या रविवारच्या माशांच्या बाजारात पोरं 'चिचलिड' म्हणतात, आणि 'सिक्लिड दाखवा' म्हटलं तर 'वो नहीं है' असं उत्तर मिळतं. दक्षिण आणि मध्य अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, श्रीलंका, इतका या कुळाचा पसारा. बहुतेक माशांना नाकपुड्यांच्या दोन जोड्या असतात, यांना एकच. घशात जबड्याची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने पकडायचं आणि आतल्याने चावायचं, त्यामुळे पुढचा जबडा खरवडायला, उपसायला, पिल्लं उचलायला मोकळा. आणि हे मासे आई-बाप असतात. अंडी घालून पाण्यावर सोडून देत नाहीत, राखण करतात.

एकदा फोनवर त्यांचे फोटो बघत होते, तर सासूबाई खांद्यावरून डोकावल्या. त्या मालवणच्या. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "अगो, हो तर खाडीतलो कालुंदर!" होताच. केरळात करीमीन म्हणतात आणि २०१० साली त्याला राज्यमासा केलं, तोच हा. १७९० साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवताना ब्लॉख नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने सुरतेचं नाव त्यात घातलं. म्हणजे मी ज्या विदेशी कुळाच्या नादी लागले होते, त्यातला एक गडी माझ्या सासरच्या तव्यावर पिढ्यान्‌पिढ्या तळला जात होता. त्याचे जवळचे नातलग मादागास्करात आहेत हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "असतीत. पण सोलकढी थंय गावता काय?"

सिक्लिडचा खरा स्वभाव म्हणजे हद्द. बाकीचे बरेच मासे टँकभर फिरतात, यांना स्वतःची जागा लागते. एखादा दगड, एखादं भोक, वीतभर रेती. ती माझी, इथे यायचं नाही. चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गॅलरीत कुणाची वाळणाची दोरी कुठून कुठपर्यंत, कुणाच्या दाराशी कुणाच्या चपला, यावरून आमच्याकडे दोन घरं अकरा वर्षं बोलत नव्हती. तेव्हा छोट्या टँकसाठी सिक्लिड निवडायचा म्हणजे रंग बघायचा नाही. मोठा झाल्यावर किती इंच होणार आणि त्याची हद्द किती फुटांची, हे दोनच प्रश्न. ज्याची हद्द दोन फुटांपेक्षा मोठी, त्याच्या टँकमध्ये दुसरा मासा म्हणजे रोजची मारामारी, आणि पळायला जागा नसलेला कोपऱ्यात मरतो.

या दोन प्रश्नांना बाजारातले बहुतेक मासे नापास होतात. एंजल बघा. सगळे म्हणतात, गरीब मासा. गरीब असेल, पण तो उंच वाढतो. मोठा झाला की पंखांसकट आठ इंचांच्या वर जातो. माझ्या सव्वा फुटातून दोन इंच रेती गेली, वरची दोन इंच हवा गेली. उरलेल्या पाण्यात त्याने पंख ताणले तर डोकं उन्हाळ्यात आणि पाय पावसाळ्यात. फ्लॉवरहॉर्न तर बोलायलाच नको. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने वास्तूसाठी ठेवला होता. १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून तयार झालेला हा मासा, कुठल्याच नदीत तो नाही. कपाळावर टेंगूळ. टेंगूळ जितकं मोठं तितकं नशीब मोठं, आणि अंगावरच्या काळ्या खुणा चिनी अक्षरांसारख्या दिसल्या तर किंमत आणखी वर. माणसाला एवढं टेंगूळ आलं असतं तर केईएमला नेलं असतं. फूटभर वाढतो, एकटाच राहतो, काचेबाहेरच्या बोटावरही धावून येतो.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले निळे-पिवळे मासे मात्र मला खरोखर हवे होते. रंग समुद्रातल्या माशांचे आणि पाणी गोडं. त्यांना ठेवायची युक्तीही गमतीची. मोठ्या टँकमध्ये मुद्दाम गर्दी करायची, म्हणजे दांडगटाला एकालाच धरून मारता येत नाही, मार सगळ्यांत वाटला जातो. विरार लोकलमध्ये हद्द आखता येत नाही, तसंच. पण लोकल बारा डब्यांची असते. दोन फुटांत ती युक्ती चालत नाही, तिथे गर्दीही मरते आणि दांडगटही. म्हणून सोडले.

मग मी क्रिबकडे आले, आणि आजही कुणी विचारलं की पहिला सिक्लिड कुठला घेऊ, तर मी क्रिबच सांगते. पूर्ण नाव क्रिबेन्सिस, नायजेरियाकडचा. नर चारेक इंचांचा, मादी त्याहून लहान. पाण्याच्या बाबतीत फार नखरे नाहीत. हद्द म्हणजे एक गुहा आणि तिच्या समोरचं अंगण. गुहा विकत मिळते, मातीची, मडक्याची, पण सासूबाईंच्या घरात करवंटीला काय तोटा? एक चांगली खोल करवंटी घेतली, शेंड्या तासून काढल्या, कडेला हॅक्सॉने अंगठ्याएवढी खाच पाडली. दोनदा उकळली. पहिल्या उकळीचं पाणी चहासारखं झालं, दुसऱ्याचं जरा निवळलं. मग उपडी घालून रेतीत रोवली.

त्याआधी टँक दीड महिना माशांशिवाय चालवला. ऑस्करच्या वेळी हे कुणी सांगितलंच नव्हतं. माशाच्या शी-शूचा आणि उरलेल्या खाण्याचा अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी, आणि पाणी बदललं की जातं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि रेतीत वस्ती करतात. वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लावतात तसं कुणाच्या तरी जुन्या टँकमधला स्पंजाचा तुकडा मिळाला तर लवकर. आणि तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही. नळाच्या क्लोरीनने वस्ती मरते. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. माझ्या नवऱ्याने एकदा मला मदत म्हणून तो साबणाने धुतला होता. पुढच्या आठवड्याचं वर्णन करत नाही.

क्रिबमध्ये प्रियाराधन मादी करते. पोटावर चेरीसारखा लाल-जांभळा रंग चढतो, आणि ती नरासमोर धनुष्यासारखी वाकून थरथरते. नर बराच वेळ न समजल्यासारखं करतो. मग दोघं करवंटीत. आठवड्याभराने मादी बाहेर आली तेव्हा तिच्यामागून करड्या धुरळ्यासारखं काहीतरी घरंगळत आलं. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक कणाला दोन डोळे. मी मुलाला हाक मारली. तो आला, बघितलं, "भारी," म्हणाला आणि बॉल घेऊन खाली गेला. मी भात लावायचा विसरले होते.

क्रिब दोन-अडीच वर्षं होते. त्यानंतर मी राम आणले, आणि इथे मुंबईने मला साथ दिली.

राम म्हणजे दोन-अडीच इंचांचा छोटा सिक्लिड. पिवळसर डोकं, अंगावर निळे ठिपके जसं कुणी चमकी उडवलीय, डोळ्यातून खाली जाणारी काळी रेघ. दुकानात त्याला 'जर्मन ब्लू राम' म्हणतात. मासा जर्मनीचा नाही, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या ओरिनोको नदीच्या गवताळ प्रदेशातला. १९४८ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं ते हे मासे धरून आणणाऱ्या रामिरेझ नावाच्या माणसावरून, आणि रामिरेझचा झाला राम. सासूबाईंना नाव फार आवडलं. अडचण एकच होती. माझी पहिली जोडी आठ दिवसांत गेली, आणि ही बातमी घरात सांगायची कशी? 'रामाने राम म्हटला' असं मुलगा म्हणाला, त्याला ओरडा बसला.

पहिली जोडी गेली ती माझ्या घाईने. बाजारात पिशवीत रंग अगदी भडक दिसले म्हणून उचलली. नंतर एका जुन्या शौकिनाने सांगितलं, पिशवीतला भडक राम घेऊ नये. रंग चढवायला औषधं देतात. दुकानाच्या टँकमध्ये दोन आठवडे टिकलेला, दाणे टाकले की पुढे येणारा, पोट आत न गेलेला राम घ्यावा. कुर्ल्याच्या बाजारात येणारे बरेच मासे चेन्नई-कोलकात्याकडून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, खोक्यांतून प्रवास करून आलेले असतात. चोवीस तासांच्या प्रवासानंतर आपला तरी चेहरा कसा असतो?

दुसरी जोडी टिकली, वाढली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा मासा म्हणजे मुंबईचाच. त्याला २७ ते ३० अंश पाणी लागतं. युरोपातल्या थंडीत लोक हीटर लावून वीज जाळतात, आणि माझ्या टँकवरचा थर्मामीटर मार्च ते नोव्हेंबर हेच आकडे दाखवत होता, फुकट. शिवाय त्याला मऊ पाणी लागतं, शाळेच्या विज्ञानात 'सुफेन' म्हणायचे ते. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून पावसाचं पाणी येतं, त्यात क्षार थोडे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायची एक पेनासारखी वस्तू मिळते, टीडीएस मीटर. गिरगावच्या नळाला तिने ६८ दाखवले. बादलीत रात्रभर ठेवून क्लोरीन उडवलं की झालं, घाई असली तर अँटी-क्लोरीनचे दोन थेंब.

रामांनी सपाट दगडावर अंडी घातली. पहिल्या दोन वेळी स्वतःच गिळली. तिसऱ्या वेळी दोघांनी आळीपाळीने पंखांनी वारा घालत सांभाळली, आणि खालच्या काकूसुद्धा बघायला आल्या.

मग चाळ रिडेव्हलपमेंटला गेली.

भाड्याच्या पैशात गिरगावात काही मिळेना, म्हणून दहिसर. टेम्पोत शेवटी चढली ती मी, मांडीवर बादली घेऊन. बादलीत दोन राम आणि फिल्टरचा ओला स्पंज. टँक, रेती, भांडी, सासूबाईंची देवांची पेटी हे सगळं मागे. सिग्नलला बाजूचा रिक्षावाला वाकून बघून गेला.

दहिसरच्या बिल्डिंगमध्ये दोन पाण्यांची सोय होती. स्वयंपाकघरात महापालिकेचं, सकाळी पाऊण तास. बाथरूममध्ये बोअरवेलचं, चोवीस तास. स्वयंपाकघरातल्या नळावर सासूबाईंचा पहारा. पिंप भरायचं, कळशी भरायची, फिल्टर भरायचा; त्यातून दोन बादल्या माशांना मागितल्या तर ज्या नजरेने त्या बघायच्या, ती सहन होईना. त्यांचंही खरं होतं. पाणीकपातीच्या दिवसांत प्यायचं पाणी माशांना घालायचं म्हणजे अतीच. राहिला बाथरूमचा नळ. मीटर बुडवला: ५४०.

या आकड्यावरून सगळं कळत नाही, हेही तेव्हाच शिकले. मीटर क्षार किती ते सांगतो, कुठले ते सांगत नाही. खाडीकाठच्या कित्येक बोअरचं पाणी मिठाने मचूळ असतं, ते वेगळं. आमचं मचूळ नव्हतं. पण बादल्यांना आतून पांढरा थर बसत होता, गीझर खरखरत होता, साबणाला फेस येत नव्हता, आणि एकदा चुकून त्या पाण्यात तूरडाळ लावली तर पाच शिट्ट्यांनंतरही दाणा दाणा वेगळा. म्हणजे चुन्याचं पाणी, कॅल्शियमचं. थेंब टाकून रंग बघायचा टेस्ट किट आणला, त्यानेही तेच सांगितलं.

रामांना मी महिनाभर थोडं थोडं करून त्या पाण्यावर आणलं. जगले. वर्षभर जगले, म्हातारे होऊन गेले. पण तीनदा घातलेली अंडी तिन्ही वेळा पांढरी पडली. मऊ पाण्यातल्या माशांची अंडी जड पाण्यात नीट उबत नाहीत. ते दोघं मात्र त्या पांढऱ्या अंड्यांना वारा घालत बसायचे.

आरओ लावा, लोक म्हणाले. म्हणजे एक बादली शुद्ध पाणी मिळवायला त्याहून जास्त मोरीत सोडायचं. मन तयार होईना. तेव्हा प्रश्न उलटा केला. आवडीचा मासा घेऊन त्याच्यासाठी पाणी बनवत बसण्यापेक्षा, डाळ न शिजणारं हे पाणी कुणाला आवडेल ते शोधावं.

एक डोळा आपल्याच मातीवर होता. कालुंदराचा धाकटा भाऊ, ऑरेंज क्रोमाइड, तीनेक इंचांचा, किनाऱ्यावरच्या खाड्या-खाजणांत राहणारा. त्याची पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टोचून खातात, दूध प्यावं तशी. पण तो कळपात ठेवायचा मासा, आणि कुर्ल्याला चार रविवार घालवूनही सहा धडके मासे एका वेळी मिळाले नाहीत. सासूबाईंना हायसं वाटलं असावं. नात्यातला मासा काचेत बघणं त्यांना रुचत नव्हतं.

मग टांगानिका. आफ्रिकेतलं हे सरोवर १,४७० मीटर खोल, चार देशांच्या सीमा त्याला लागलेल्या. पाणी जड आणि अल्कधर्मी. त्याच्या तळाशी मेलेल्या गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांचे खच पडलेले असतात आणि त्या शंखांत सिक्लिड राहतात. त्यातला सगळ्यात छोटा मल्टिफॅसियाटस, शौकिनांच्या बोलीत 'मल्टी'. नर दोन इंचांच्या आत, मादी इंच-सव्वा इंच. राखाडी अंगावर उभे पट्टे, डोळे निळे. रंगाचं म्हणाल तर दुकानात कुणी वळून बघणार नाही. एवढ्या अथांग सरोवरातला मासा, आणि त्याची हद्द किती? एक शंख आणि भोवतीची चार बोटं रेती.

मुलुंडच्या एका शौकिनाकडून सहा पिल्लं आणली. टांगानिकाचे शंख इथे कुठून मिळणार? समुद्रकिनाऱ्यावरचे बरेच शंख आत अरुंद होत जातात, त्यात मासा अडकून मरतो. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, शेतातल्या गोगलगाईचे चालतील काय? भाताच्या खाचरात सापडतात त्या, गोल पोटाच्या, रुंद तोंडाच्या. भाच्याला फोन गेला. कोकमं आणि उकड्या तांदळाबरोबर त्या वर्षी मालवणहून एक पिशवी शंख आले. मी ते उकळले. घरात जो वास सुटला त्यावर मी काही लिहीत नाही. दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. एका माशाला तीन या हिशेबाने अठरा शंख दोन इंच रेतीवर मांडले.

पहिले चार दिवस टँक रिकामा वाटत होता. पाचव्या दिवशी बांधकाम सुरू झालं. एक इंचाचा मासा तोंडभर रेती उचलतो, चार इंच लांब नेतो आणि शेजारणीच्या दारात थुंकतो. शेजारीण बाहेर येते, ती रेती तोंडात घेते आणि परत याच्या दारात आणून टाकते. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. हे दिवसभर चालतं. सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "ही तर सावंतीण," एकीला बघून म्हणाल्या. गिरगावच्या गॅलरीतली चपलांवाली.

तीन महिन्यांनी एका शंखाच्या तोंडाशी जिऱ्याएवढं काहीतरी हललं. मग आणखी दोन. मोठी पिल्लं हाकलली जात नाहीत, तिथेच शेजारचा शंख धरून राहतात, आणि लहानांना कुणी त्रास देत नाही. मी नळी आत घातली की मात्र नर नळीवर तुटून पडतो. दर रविवारी. माझ्या हाताला चावल्याचं जाणवतही नाही, पण त्याच्या बाजूने कसर नसते. आज मोजायला गेलं तर तिसाच्या पुढे आकडा जातो आणि मग सगळे आत पळतात.

मुलगा आता पुण्याला शिकतो. व्हिडिओ कॉलवर विचारतो, "बाबा कुठेत? आजी कशीय?" आणि मग, "सावंतीण काय म्हणते?"

गेल्या महिन्यात नवी बिल्डिंग बघायला बोलावलं. जुन्या चाळीच्या जागी बावीस मजले, आमचा चौदावा. काँक्रीटची जमीन, हवा तो टँक ठेवा. सगळी जुनी मंडळी आली होती, खालच्या काकूसुद्धा. त्यांना आता आमच्या वरचा मजला मिळालाय. बिल्डरच्या मुलाला लोक पार्किंग विचारत होते, लिफ्ट किती, मेन्टेनन्स किती. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पर्समधून मीटर काढला. ७१. गिरगावचं पाणी, रामांचं पाणी. बाकीच्या बायका ओट्याचा ग्रॅनाइट बघत होत्या.

बाहेर येऊन मी त्या मुलाला विचारलं, बिल्डिंगला बोअरवेल आहे का?

"आहे ना काकू, फ्लशला. पण वापरायला नको, एकदम बेकार पाणी. भांड्यांवर पांढरं बसतं."

"किती पांढरं?" मी विचारलं.